एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स: ड्युअल बूट बसवण्याचा क्रम आणि अडणाऱ्या जागा

टॅली, ऑफिसातली मॅक्रो भरलेली एक्सेल शीट, रिटर्न भरताना लागणारे डिजिटल सहीचे टोकन. यातल्या कुठल्या तरी कारणाने विंडोज सोडवत नाही. प्रोग्रॅमिंगसाठी, सर्व्हर शिकण्यासाठी किंवा जुन्या मशिनवर हलकी प्रणाली हवी म्हणून लिनक्सही लागते. दोन्ही एकाच डिस्कवर ठेवायच्या आणि लॅपटॉप चालू करताना हवी ती निवडायची, याला ड्युअल बूट म्हणतात. सगळे सुरळीत गेले तर दोन-तीन तासांचे काम आहे. ज्यांचे बिघडते त्यांचे बहुतेक वेळा तयारीत बिघडते, म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे.

इथे गृहीत धरले आहे की लॅपटॉपवर विंडोज ११ आधीपासून आहे आणि शेजारी लिनक्स मिंट २२ किंवा उबंटू २४.०४ (लिनक्सचे दोन प्रकार) बसवायचे आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्याकडे अजून तेच असेल तरी पायऱ्या जवळपास याच आहेत.

टर्मिनलच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. सेटिंगच्या फाइलमधली 'ग्रब_' ने सुरू होणारी नावे तेवढी कॅपिटलमध्ये असतात.

निवड नेमकी कुठे होते

हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर 'मेनूच दिसत नाही' अशी वेळ आली की याच माहितीवर उत्तर सापडते.

बटण दाबल्यावर सर्वांत आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते. आपण त्याला सवयीने बायोस म्हणतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशिनमध्ये ते यूईएफआय असते. त्याच्या स्वतःच्या स्मृतीत एक यादी असते: 'विंडोज बूट मॅनेजर', 'उबंटू', 'यूएसबी' अशी, आणि त्यांचा क्रम. हे पहिले ठिकाण.

यादीतली प्रत्येक नोंद डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनमधल्या (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागातल्या) फाइलकडे बोट दाखवते. हे ईएफआय सिस्टीम पार्टिशन, फॅट३२ पद्धतीचे, बहुधा १०० ते २६० एमबीचे. त्यात 'मायक्रोसॉफ्ट' नावाचे फोल्डर असते. लिनक्स बसले की शेजारी 'उबंटू' नावाचे आणखी एक येते. मिंट बसवले तरी बहुधा उबंटू हेच नाव दिसते, त्यामुळे गोंधळू नका. हे दुसरे ठिकाण.

तिसरे ठिकाण म्हणजे ग्रब. काळ्या पडद्यावर 'उबंटू' आणि 'विंडोज बूट मॅनेजर' अशा ओळी दाखवणारा मेनू तो हाच. लिनक्स निवडले तर ग्रब स्वतः लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चढवतो. विंडोज निवडले तर तो विंडोजच्या बूट मॅनेजरला हाक मारून बाजूला होतो.

फर्मवेअरची यादी, ईएफआय पार्टिशनमधली फाइल आणि ग्रबचा मेनू. काहीही बिघडले की आधी विचारायचे: यातले कोणते ठिकाण बिघडले?

काय काय हाताशी हवे

- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह. तो पूर्ण पुसला जाणार आहे. मिंटची आयएसओ (बसवण्यासाठी उतरवायची) फाइल सुमारे ३ जीबीची असते, उबंटूची त्याच्या जवळपास दुप्पट.
- बॅकअपसाठी वेगळी बाहेरची डिस्क. त्याच डिस्कच्या 'डी' ड्राइव्हवर केलेली नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे.
- जमल्यास १६ जीबीचा आणखी एक पेनड्राइव्ह, विंडोजचा 'रिकव्हरी ड्राइव्ह' बनवून ठेवण्यासाठी.
- बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर.
- विंडोज खात्याचा खरा पासवर्ड. नुसता चार अंकी पिन पुरत नाही. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही.
- चार्जर, लावलेला. पार्टिशन लहान करताना वीज गेली आणि बॅटरीही संपली तर फाइल सिस्टीम अर्धवट अवस्थेत राहते.
- हा लेख उघडून ठेवायला फोन.

१. मशिन कोणत्या पद्धतीने चालू होते ते पाहा

विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, 'एमएसइन्फो३२' टाइप करा. उघडलेल्या तक्त्यात 'बायोस मोड' पुढे 'यूईएफआय' असेल तर सरळ पुढे जा. 'लेगसी' असेल तर मशिन जुन्या पद्धतीने चालते आहे, आणि लिनक्सही त्याच पद्धतीने बसवावे लागेल. एक प्रणाली यूईएफआयने आणि दुसरी लेगसीने बसली तर दोन्ही चालतात, पण एकाच मेनूतून निवडता येत नाहीत. नवख्यांच्या चुकांमध्ये ही फार वेळा दिसते.

लेगसी मशिनच्या डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवणारा बहुधा जुना एमबीआर तक्ता असतो आणि त्यात फक्त चार प्राथमिक पार्टिशन मावतात. चारही भरलेली असतील तर थांबा. अशा वेळी विंडोज 'डायनॅमिक डिस्क' करू का असे विचारू शकते. होकार देऊ नका, लिनक्सचे इन्स्टॉलर त्या प्रकाराशी नीट वागत नाहीत.

'एमएसइन्फो३२' च्या तक्त्यात 'सिक्युअर बूट स्टेट' ही ओळ आहे. सिक्युअर बूट म्हणजे विश्वासू सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय. ती चालू की बंद, लिहून ठेवा.

२. बिटलॉकरची की आधी मिळवा

अनेक नव्या लॅपटॉपवर, होम आवृत्तीवरसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मालकाला पत्ताही नसतो. 'सेटिंग्ज', मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' इथे ते दिसते.

धोका कुठे आहे ते सांगतो. डिस्कची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. मशिन ओळखीच्या पद्धतीने सुरू झाले तरच ती चिप किल्ली देते. तुम्ही सिक्युअर बूट बदलले किंवा सुरू होण्याची साखळी बदलली की चिपला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ अंक मागितले जातात. की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबपानावर ठेवलेली असते, पण खाते दुसऱ्याच ईमेलचे निघाले, किंवा लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या खात्याने चालू करून दिला असेल, तर ती तुमच्या हाती नाही. की हरवली तर डेटा परत मिळत नाही. मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही.

म्हणून की उघडा, कागदावर लिहा, आणि तिच्यासोबत दिसणारी 'की आयडी'ची आठ अक्षरे म्हणजे की नव्हे हे लक्षात ठेवा. पूर्ण ४८ हवेत, सहा-सहाचे आठ गट. नवख्यांनी या कामापुरते एन्क्रिप्शन पूर्ण बंद करावे हे माझे मत. डिस्क उलगडायला तास-दीड तासही लागू शकतो, तो लागू द्या. काही इन्स्टॉलर बिटलॉकर दिसला की अडतात. सगळे स्थिर झाल्यावर एन्क्रिप्शन पुन्हा चालू करता येते, फक्त नवी की पुन्हा लिहून घ्यायची.

३. फास्ट स्टार्टअप बंद करा

'शट डाउन' केल्यावर विंडोज खरे तर पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. त्या काळात सी ड्राइव्ह 'वापरात' मानला जातो. लिनक्समधून तो उघडलात तर फक्त वाचता येतो, आणि बळेच लिहिलेत तर फाइल सिस्टीम बिघडू शकते.

'कंट्रोल पॅनेल', 'पॉवर ऑप्शन्स', 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे वरची निळी ओळ दाबून 'फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा. अॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये

पॉवरसीएफजी /एच ऑफ

दिले तर हायबरनेशनच बंद होते आणि त्याची काही जीबींची फाइलही जाते. विंडोजचे मोठे अपडेट आल्यावर ही खूण परत आली नाही ना, तेवढे पाहत जा.

४. विंडोजमधूनच जागा मोकळी करा

लिनक्सच्या इन्स्टॉलरलाही सी ड्राइव्ह लहान करता येतो, पण ते काम विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'कडेच द्या. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. आकडा एमबीमध्ये असतो: ६० जीबीसाठी ६१४४०, १०० जीबीसाठी १०२४००. उबंटूला किमान २५ जीबी आणि मिंटला २० जीबी लागतात, पण तेवढ्यात काही महिन्यांतच कोंडमारा होतो. ५१२ जीबीच्या डिस्कवर ८० ते १०० जीबी द्या आणि सी ड्राइव्हवर निदान पाचवा हिस्सा मोकळा राहू द्या, नाहीतर विंडोजचे अपडेट अडतील.

ड्राइव्हवर २०० जीबी मोकळे दिसतात, तरी श्रिंक फक्त १२ जीबी देते, असे होते. कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट या जागेवरून न हलणाऱ्या फाइली आहेत. त्या मध्येच बसलेल्या असल्या की त्यांच्या पुढचीच जागा कापता येते. पेजफाइल आणि सिस्टीम रिस्टोअर तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, श्रिंक करा, मग दोन्ही परत चालू करा.

जागा काळ्या पट्ट्याने 'अनअलोकेटेड' दिसू लागली की हात आवरा. तिथे 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करू नका. आता एकदा विंडोज रीस्टार्ट करून ती नीट उघडते ना, ते पाहा.

५. पेनड्राइव्ह तयार करा

आयएसओ फाइल मिंटच्या किंवा उबंटूच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. उतरल्यावर तिचा एसएचए२५६ ताळा पडताळा. कमांड प्रॉम्प्टमध्ये

सर्टयुटिल -हॅशफाइल फाइलचे-नाव एसएचए२५६

देऊन आलेली अक्षरे साइटवरच्या अक्षरांशी जुळवायची. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या मध्यावर दगा देते.

पेनड्राइव्ह बनवायला रुफस हे साधन चांगले. यूईएफआय मशिनसाठी पार्टिशन पद्धत 'जीपीटी', लक्ष्य 'यूईएफआय'. मध्येच 'आयएसओ की डीडी' असा प्रश्न आला तर आयएसओ. चुकून बॅकअपची डिस्क निवडली जाऊ नये म्हणून त्या वेळी बाकी सगळे यूएसबी काढून ठेवा.

६. पेनड्राइव्हवरून सुरू करा

चालू करताच बूट मेनूचे बटण टिचकत राहायचे. डेल आणि बहुतेक लेनोवो: एफ१२. एचपी: एफ९, किंवा एस्केप दाबून मग एफ९. आसुसचे लॅपटॉप: एस्केप. एसर: एफ१२, पण तो आधी एफ२ ने सेटअपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. काही लॅपटॉपवर एफएन बटणही सोबत दाबावे लागते. लेनोवोच्या काही मॉडेलना कडेला टाचणीने दाबायचे नोव्हो नावाचे छोटे बटण असते. हे काही जमले नाही तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा, 'यूज अ डिव्हाइस' मध्ये पेनड्राइव्ह दिसेल.

यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' लिहिलेला घ्या.

सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. उबंटू, मिंट, फेडोरा यांच्यासाठी त्याची गरज नाही. त्यांचा 'शिम' हा पहिला तुकडा मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. चालूच राहू द्या.

७. आधी चालवून पाहा, मग बसवा

पेनड्राइव्हवरून उघडलेल्या लिनक्समध्ये वायफाय, आवाज, टचपॅड आणि ब्राइटनेस तपासा. इथे वायफाय दिसत नसेल तर बसवल्यावरही बहुधा दिसणार नाही. हे आत्ताच कळलेले बरे.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, फक्त पेनड्राइव्ह दिसतो? तर डिस्क इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी पद्धतीने जोडलेली असण्याची शक्यता मोठी. फर्मवेअरमध्ये ती एएचसीआय करावी लागते, पण थेट बदललीत तर विंडोज निळा पडदा देईल. क्रम असा: विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून 'बूट' टॅबमध्ये 'सेफ बूट' ला खूण करा, रीस्टार्ट करून फर्मवेअरमध्ये बदल करा, विंडोजला सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या, मग तीच खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये विंडोज नवा ड्रायव्हर आपोआप धरते. खरा पासवर्ड आणि बिटलॉकरची की लागते ती बहुधा इथेच.

कीबोर्ड इंग्रजी-यूएसच ठेवा. बसवतानाच मराठी इन्स्क्रिप्ट निवडला तर पासवर्ड देवनागरीत जातो आणि पुढे लॉगिनच्या पडद्यावर अडकायला होते. मराठी कीबोर्ड नंतर दोन मिनिटांत जोडता येतो.

आता मुख्य प्रश्न. 'विंडोज बूट मॅनेजरच्या शेजारी बसवा' असा पर्याय आला तर नवख्याने तोच घ्यावा. 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय त्याच्या लगेच खाली असतो, म्हणून 'इन्स्टॉल' दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा. पहिला पर्याय दिसत नसेल तर हाताने मांडणी करा:

- असलेले ईएफआय पार्टिशन निवडा, जागा (माउंट पॉइंट) '/बूट/ईएफआय', आणि फॉरमॅटच्या चौकटीत खूण नको. ते फॉरमॅट झाले तर विंडोजचा बूट मॅनेजर पुसला जातो.
- मोकळ्या जागेत ईएक्सटी४ पद्धतीचे पार्टिशन, जागा '/'. ८० जीबी असतील तर सगळे एकातच द्या. '/होम' वेगळे ठेवायचे तर '/' ला ४० तरी ठेवा.
- स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी) वेगळे पार्टिशन नको, इन्स्टॉलर स्वॅपची फाइल करतो.
- बूटलोडर (इथे ग्रब) कुठे, असे विचारले तर पूर्ण डिस्क निवडा, तिचा एखादा तुकडा नव्हे.

१०० एमबीचे ईएफआय पार्टिशन पुरेल का, ही शंका बरेच जण काढतात. ग्रबला पुरते, त्याच्या फाइली काही एमबीच्या असतात. पॉप ओएससारख्या काही प्रणाली मात्र अख्खा कर्नल तिथे ठेवतात. त्यांना निदान ५०० एमबी लागतात.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर लिनक्स त्या वेगळ्या डिस्कवर ठेवणे सर्वांत सुटसुटीत. पण उबंटूचे जुने इन्स्टॉलर आणि मिंटचा इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडरच्या फाइली पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकू शकतात. खात्री हवी असेल तर बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवा किंवा फर्मवेअरमधून बंद करा.

इतर कंपन्यांचे ड्रायव्हर बसवायला होकार दिला आणि सिक्युअर बूट चालू असेल तर एक तात्पुरता पासवर्ड मागितला जातो. पहिल्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एमओके मॅनेजमेंट' येते: 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', तोच पासवर्ड, 'रीबूट'. घाईत तो पडदा घालवला तर एनव्हिडिया किंवा काही वायफायचे ड्रायव्हर चढत नाहीत, आणि दोष लिनक्सला दिला जातो.

८. मेनू आला नाही तर

*थेट विंडोज उघडते.* पहिले ठिकाण बिघडले आहे, म्हणजे फर्मवेअरचा क्रम. सेटअपमध्ये जाऊन 'उबंटू' वर न्या. एचपीमध्ये हे 'ओएस बूट मॅनेजर' या नावाखाली लपलेले असते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर क्रम पुन्हा उलटला तरी उपाय हाच. ग्रब पुसले गेले असे समजून लगेच सगळे पुन्हा बसवू नका. यादीत 'उबंटू' नावच नसेल तर पेनड्राइव्हवरून सुरू करून 'बूट रिपेअर' हे साधन चालवा. मिंटच्या पेनड्राइव्हवर ते आधीच असते.

*थेट लिनक्स उघडते.* तिसरे ठिकाण. मेनू लपलेला आहे किंवा ग्रबला विंडोज सापडलेले नाही. कंपनीचे चिन्ह जाताच एस्केप एकदा दाबून पाहा, आणि पुढची पायरी करा.

*काळ्या पडद्यावर फक्त 'ग्रब>' दिसते.* ग्रब उठले, पण त्याला लिनक्सचे पार्टिशन मिळाले नाही. 'एक्झिट' टाइप करून एंटर दिले की बहुतेक मशिन यादीतल्या पुढच्या नोंदीकडे, म्हणजे विंडोजकडे जातात.

*'एसबीएटी' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येतो.* ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, असुरक्षित शिमवर बंदी घातली आणि कित्येक ड्युअल बूट मशिन अडली. उपाय: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करा, लिनक्समध्ये

सुडो मोकयुटिल --सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट

द्या, रीस्टार्ट करून लिनक्स पूर्ण अपडेट करा, मग सिक्युअर बूट परत चालू. जुन्या पेनड्राइव्हवर हा संदेश आला तर नवी आयएसओ घ्या.

९. मेनू आपल्या सोयीचा करा

टर्मिनल उघडून

सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब

द्या. या ओळी शोधा किंवा जोडा:

ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू
ग्रब_टाइमआउट=१०
ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स
ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड
ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू

पहिली ओळ मेनू दाखवते, दुसरी तो १० सेकंद थांबवते. तिसरीत दुहेरी नकार आहे: 'प्रोबर बंद करू का? नाही.' ओएस प्रोबर हा इतर प्रणाली शोधणारा तुकडा २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून मुळातच बंद असतो. मेनूत विंडोज न दिसण्याचे कारण बहुधा हेच.

शेवटच्या दोन ओळींनी मागच्या वेळी जे निवडले तेच पुढच्या वेळी आपोआप निवडले जाते. ही सोय मी आवर्जून सुचवतो. विंडोजचे अपडेट दोन-तीनदा रीस्टार्ट घेते. तुम्ही चहा करायला गेलात, १० सेकंद सरले आणि मशिन लिनक्समध्ये गेले, तर अपडेट अर्ध्यात लटकते. मागची निवड लक्षात राहिली तर ते परत विंडोजमध्येच जाते. '/बूट' एलव्हीएम किंवा बीटीआरएफएस या डिस्क मांडणीच्या पद्धतींवर असेल तर मात्र हे चालत नाही, कारण तिथे ग्रबला लिहिता येत नाही.

कायम एकच प्रणाली हवी असेल तर 'सेव्ह्ड' च्या जागी मेनूतला क्रमांक द्यायचा आणि 'सेव्हडिफॉल्ट' ची ओळ काढायची. मोजणी शून्यापासून: पहिली ओळ ०, दुसरी १. मेनूत एखादी ओळ वाढली की क्रमांक सरकतो, म्हणून क्रमांकापेक्षा ओळीचे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत देणे पक्के.

कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग न विसरता

सुडो अपडेट-ग्रब

ही आज्ञा दिल्याशिवाय बदल लागू होत नाहीत. तिच्या उत्तरात 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' दिसले की काम झाले. '/बूट/ग्रब' मधली ग्रब.सीएफजी फाइल हाताने बदलू नका. पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्याने लिहिली जाते. ग्रब कस्टमायझर नावाचे चित्ररूप साधन आहे, पण ते मूळ स्क्रिप्टच बदलते आणि नंतर निस्तरणे कठीण होते. पाच ओळींसाठी ते नको.

फर्मवेअरची यादी लिनक्समधून पाहायची तर 'सुडो ईएफआयबूटएमजीआर'. तीच आज्ञा '-एन' आणि विंडोजचा चार अंकी क्रमांक जोडून दिली तर फक्त पुढच्या एका वेळेसाठी विंडोज उघडते, कायमचा क्रम बदलत नाही.

१०. साडेपाच तासांचा घोळ

विंडोज मशिनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स यूटीसी ठेवते. भारतात फरक ५ तास ३० मिनिटांचा. म्हणून लिनक्सनंतर विंडोज उघडले की सकाळी १० वाजता ४.३० दिसतात. वेळ चुकली की बँकेच्या आणि सरकारी साइट प्रमाणपत्राची तक्रार करतात, आणि लोक इंटरनेटला दोष देत बसतात. सोपा उपाय लिनक्समध्ये:

टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

यावर लिनक्स इशारा देते, कारण उन्हाळी वेळ बदलणाऱ्या देशांत ही पद्धत गोंधळ करते. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, तेव्हा इथे ती बिनधास्त वापरा. अमेरिका-युरोपात असाल तर विंडोजला यूटीसी शिकवा: रजिस्ट्रीत 'टाइमझोनइन्फर्मेशन' खाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवा.

११. लिनक्स काढायचे झाले तर

इथेही क्रम महत्त्वाचा. नुसती लिनक्सची पार्टिशन उडवलीत तर पुढच्या वेळी 'ग्रब>' समोर येईल. आधी फर्मवेअरमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणा आणि विंडोज थेट उघडते याची खात्री करा. मग 'डिस्क मॅनेजमेंट' मधून लिनक्सची पार्टिशन काढा. विंडोजला ती बिननावाची दिसतात, म्हणून आकार जुळवून घ्या. रिकव्हरी पार्टिशनही बिननावाचे असते आणि कित्येकदा शेजारीच असते. मोकळी जागा सी ड्राइव्हला लागूनच असेल तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' ने परत जोडता येते. मध्ये दुसरे पार्टिशन आले तर हा पर्याय फिका राहतो.

शेवटी अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'माउंटव्हॉल एस: /एस' देऊन ईएफआय पार्टिशन उघडा आणि त्यातल्या 'ईएफआय' फोल्डरमधले फक्त 'उबंटू' हे फोल्डर काढा. 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' यांना हात लावू नका. फर्मवेअरच्या यादीत 'उबंटू' हे रिकामे नाव काही मशिनवर तरीही उरते. सेटअपमध्ये ते काढण्याची सोय असेल तर काढा, नसेल तर तळाला राहू द्या, त्याने काही अडत नाही.